घाण शिळी होण्याआधी

दसरा सरला की मराठी घरांत आवराआवरीचे वारे वाहू लागतात. माळ्यावरची पिंपे आणि पातेली खाली उतरतात, पंख्यांवरची धूळ झटकली जाते, कोळिष्टके काढण्यासाठी लांब दांड्याचा झाडू शेजारून मागून आणला जातो आणि दोन-चार दिवसांत घरातील कोणाची तरी कंबर धरते. दिवाळीपूर्वीच्या या साफसफाईला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते. त्या मध्यरात्री सूप वाजवीत घर झाडून अलक्ष्मीला बाहेर काढण्याचा प्रघातही अनेक घरांत होता. तथापि या वार्षिक मोहिमेकडे जरा परखडपणे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या चार दिवसांतील बहुतेक कष्ट घाण काढण्याचे नसतात. ते जुनी झालेली घाण काढण्याचे असतात.

अन्न शिळे होते तशी घाणही शिळी होते. हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. ताजी घाण आणि महिनाभर राहिलेली घाण हे रासायनिकदृष्ट्या पुष्कळदा दोन वेगळे पदार्थ असतात. पहिली ओल्या फडक्याने निघते. दुसरीसाठी तारेची घासणी, ॲसिड आणि बराच वेळ लागतो, आणि त्यात हात, फरशी व कधीकधी फुफ्फुसेही पोळतात. रोजच्या लहान सवयींचे महत्त्व एवढ्याचसाठी आहे. घर पाहुण्यांना आरशासारखे दिसावे हा त्यामागचा हेतू नाही, आणि तसे ते राहणेही शक्य नसते.

ओट्यावरचे तेल

स्वयंपाकघरापासून आरंभ करणे योग्य, कारण घरातील सर्वांत चिवट घाण तेथेच तयार होते. फोडणी तडतडली की तेलाचे सूक्ष्म थेंब वर उडतात आणि शेगडी, मागची भिंत, डब्यांची झाकणे, पंखा यांवर बसतात. त्या वेळी ते निव्वळ तेल असते. गरम पाण्यात किंचित भांडी घासण्याचा साबण घालून पिळलेले फडके फिरवले की निघून जाते. परंतु तेच तेल हवेतील प्राणवायू आणि शेगडीची उष्णता यांच्या संपर्कात राहिले की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पिवळसर, चिकट पापुद्रा बनतो. जवसाच्या तेलापासून रंग आणि वार्निश बनवतात ते याच गुणामुळे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलांतही हा गुण कमी-अधिक प्रमाणात असतोच. थोडक्यात, आठवडेच्या आठवडे न पुसलेल्या फरशीला आपण नकळत वार्निशच लावीत असतो, आणि मग त्यावर धूळ बसून जो काळपट थर होतो तो साबणाला दाद देत नाही.

म्हणून शेवटची पोळी तव्यावरून उतरली, गॅस बंद केला, की शेगडी कोमट असतानाच ओटा पुसावा. जेवणे उरकल्यावर पुसू म्हटले की ते दुसऱ्या दिवसावर जाते. हे काम दोन-तीन मिनिटांचे आहे. त्यासाठी वेगळे फडके असावे, ते रोज साबणाने धुऊन, पिळून दोरीवर वाळत घालावे. नळावर गोळा करून ठेवलेले ओले फडके जंतूंना फारच मानवते. त्याने ओटा पुसणे म्हणजे सकाळचे जंतू संध्याकाळी सर्वत्र सारखे वाटणे होय. भांडी घासण्याच्या स्पंजचेही तेच. जुना नारळाचा काथ्या या बाबतीत उजवा, कारण तो लवकर सुकतो आणि झिजला की टाकून देताना मन चरकत नाही.

रात्री भांड्यांच्या सिंकमध्ये खरकटे ठेवून निजू नये, हा आजीच्या काळचा दंडक. त्यामागे पावित्र्याच्या कल्पना असतील, पण कारण पक्के आहे. झुरळे रात्री हिंडतात. अन्नावाचून ती बरेच दिवस काढू शकतात, पाण्यावाचून मात्र फार काळ टिकत नाहीत. तेव्हा भांडी घासून झाल्यावर सिंक फडक्याने कोरडे करणे आणि ठिबकणारा नळ दुरुस्त करून घेणे, हे कोणत्याही फवाऱ्याइतकेच गुणाचे. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या अनेक घरांत करतात. त्या हळूहळू का होईना उपयोगी पडतात. पण रांगते मूल किंवा मांजर-कुत्रे असलेल्या घरात त्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. झुरळांच्या विष्ठेतील व अंगावरील द्रव्यांमुळे काही जणांचा, विशेषतः मुलांचा, दमा बळावतो, ही गोष्ट किळसेहून अधिक गंभीर आहे.

न्हाणीघरातील पांढरा थर

न्हाणीघरात शिळेपणाचे कारण तेल नसून पाणी असते. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळते, क्षार मागे राहतात. रोज एक अत्यंत पातळ थर, त्यात साबणाची मळी, आणि सहा महिन्यांनी बादली, नळ व फरशी यांवर पांढरे कवच. हे कवच साबणाने निघत नाही, कारण ते मुळात मळ नसून चुन्याचा दगडच असतो. त्यावर आम्लच लागते; कवच पातळ असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचे सत पुरते.

यावरचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. शेवटची आंघोळ ज्याची होईल त्याने रबरी पट्टीच्या वायपरने भिंत व फरशीवरचे पाणी मोरीच्या जाळीकडे ओढावे, नळावरून एक कोरडे फडके फिरवावे आणि दार व खिडकी उघडी ठेवावी. पाणीच उरले नाही तर क्षार मागे राहणार कोठून? कोंदट न्हाणीघरात छताच्या कोपऱ्यांत जी काळी बुरशी धरते, तिलाही त्यामुळे आळा बसतो.

येथे आपल्या घरांतील दगडांविषयी चार शब्द सांगणे अगत्याचे आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी, स्वयंपाकघराचा काळा कडप्पा, जिन्यावरचा कोटा आणि हौसेने बसवलेला संगमरवर, या सर्वांत चुनखडीचे द्रव्य आहे. त्यांवर ॲसिड, व्हिनेगर, इतकेच काय, लिंबाचा रस सांडला तरी दगड विरघळू लागतो, झिलई जाते आणि तेथे कायमचा निस्तेज डाग पडतो. सिमेंटात संगमरवराचे तुकडे बसवून केलेल्या मोझॅक टाइल्सनाही हेच लागू. ॲसिडने घासलेली फरशी त्या दिवशी लखलखीत दिसते खरी, पण ती खरवडली गेलेली असते, आणि खरवडलेल्या पृष्ठभागात मळ अधिकच वेगाने शिरतो. अशा दगडांना साबणाचे सौम्य पाणी हेच योग्य. ग्रॅनाइट आणि चकचकीत सिरॅमिक टाइल्स यांना आम्लाचा तितका उपसर्ग होत नाही. टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंटला मात्र होतो.

एक धोका

शिळी घाण निघत नाही म्हणून माणसे एकाच्या जोडीला दुसरे औषध ओततात, आणि येथे खरा अपघात घडतो. संडास स्वच्छ करण्याच्या द्रवांत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ब्लीचिंग पावडर आणि कपडे पांढरे करण्याचे द्रव यांत क्लोरीनची संयुगे असतात. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तत्काळ सुटतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेलेला हाच तो वायू. चार फूट बाय चार फुटांच्या, झरोका बंद असलेल्या संडासात त्याचे थोडे प्रमाणही डोळे चुरचुरणे, घसा आवळणे, खोकल्याची उबळ आणि श्वास कोंडणे यांस पुरेसे होते; दम्याच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. ब्लीच आणि अमोनिया असलेली द्रवे एकत्र आली तरी घातक वायू तयार होतात.

तेव्हा एका वेळी एकच द्रव वापरावा, त्यावर भरपूर पाणी ओतून ते पूर्ण वाहून जाऊ द्यावे आणि दुसरे हवेच असेल तर दुसऱ्या दिवशी वापरावे. उग्र वास आलाच तर पाणी ओतीत आत थांबू नये. बाहेर मोकळ्या हवेत यावे, घरातील इतरांनाही बाहेर काढावे, शक्य असेल तर खिडक्या उघडाव्यात आणि श्वासाला त्रास होत असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. घरी कामाला येणाऱ्या बाईंना ही गोष्ट आपणहून, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. बाटलीवरची बारीक अक्षरे, तीही पुष्कळदा इंग्रजी, त्यांनी वाचली असतील असे धरून चालणे हा आपला दोष. रबरी हातमोजे घेऊन देणेही आपलेच काम.

सुटे ॲसिड किंवा फिनेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची खोड तर तत्काळ सोडावी. लहान मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतला पदार्थ कळत नाही. असा द्रव कोणाच्या पोटात गेलाच तर उलटी करवू नये. वर येताना ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

आठ दिवसांचा हिशेब

काही घाण रोज काढावी लागत नाही, पण तिची मुदत निसर्गाने ठरवून दिलेली असते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि उष्ण हवेत त्याचा अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ ते दहा दिवसांत पुरा होतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे महापालिका सांगतात ते या हिशेबानेच. मात्र त्यातला अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणजे पिंप उपडे करून पाणी ओतून दिले एवढ्याने काम होत नाही. आतून घासणीने खसखसून घासले पाहिजे.

पिंपे आणि बादल्या कोणीही पाहतो. राहून जातात त्या जागा निराळ्या: कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, कूलरचे तबक, पाहुण्यांच्या संडासात महिनोन्‌महिने भरून ठेवलेली बादली, आणि फ्रिजच्या पाठीमागे खाली असलेले ते लहानसे तबक, ज्यात आतले वितळलेले पाणी येऊन पडते आणि जे फ्रिज घेतल्यापासून कित्येकांनी पाहिलेलेच नसते. एक वार ठरवून टाकावा. रविवार नको, कारण रविवारी सगळेच बेत बारगळतात.

ओल्या कचऱ्याची मुदत याहून कमी. आपल्या हवेत माशीच्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघू शकतात, म्हणून ओला कचरा रोज बाहेर गेलाच पाहिजे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी यात घराचा स्वार्थ आहे. दुर्गंधी आणि चिलटे येतात ती भाजीच्या देठांमुळे आणि चहाच्या चोथ्यामुळे. कागद-पुठ्ठा त्यात मिसळला नाही तर ओल्याचा डबा लहान राहतो आणि रोज धुता येतो. चोथा चाळणीत निथळून मगच टाकावा. निम्मा वास पाण्याचा असतो.

केर काढण्याची रीत

केर काढणे ही इतकी परिचित क्रिया की तिलाही रीत असते हे आपण विसरतो. शिंदीच्या पानांची केरसुणी, माडाच्या हिरांचा खराटा आणि ईशान्येकडून येणारा मऊ फुलझाडू ही तीन निरनिराळ्या कामांची साधने आहेत. खराटा अंगणाचा, फुलझाडू गुळगुळीत लादीचा. तिघांचेही एक वैगुण्य समान आहे. मोठा केर ती पुढे ढकलतात, पण अतिशय बारीक धूळ हवेत उडवतात, आणि ती पुष्कळ वेळ तरंगत राहून पुन्हा खाली बसते. म्हणून क्रम वरून खाली असावा: आधी पंखा व फडताळे, मग टेबल-खुर्च्या, शेवटी जमीन. फर्निचर कोरड्या फडक्याने झटकू नये. किंचित ओलसर फडक्याने पुसावे. झाडताना पंखा बंद असावा, झाडल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन मग लादी पुसावी आणि बादलीतील पाणी गढूळ होताच बदलावे. एकाच बादलीने तीन खोल्या पुसल्या की तिसऱ्या खोलीत आपण पहिलीचा चिखल नेऊन सारवतो. फिनेल कितीही घातले तरी हे चुकत नाही. मळ निघाल्यावाचून जंतुनाशक जंतूंपर्यंत नीटसे पोहोचतच नाही.

अंथरुणांविषयी: चादरी व अभ्रे आठवड्याला बदलावेत, शक्य तेव्हा कडक गरम पाण्यात धुवावेत आणि गाद्या-उशांना ऊन दाखवावे. गादीत राहणाऱ्या धुळीतील सूक्ष्म किड्यांना ओल लागते. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात ते मरतात. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची घडी घालण्यापेक्षा ते थोडा वेळ उघडे राहू द्यावे, म्हणजे अंगाची ओल उडून जाते. शिस्तप्रिय मंडळींना हे पटायला जड जाईल.

वस्तूंचा पसारा

पसारा ही घाण नव्हे, पण पसाऱ्याखाली घाण लपते. प्रत्येक घरात एक खुर्ची अशी असते की जिच्यावर कोणी बसत नाही. तिच्यावर कपडे बसतात. ते धुवायला टाकण्याइतके मळलेले नसतात आणि कपाटात ठेवण्याइतके स्वच्छ नसतात. जुन्या घरांत यासाठी खुंट्या होत्या. नव्या सदनिकांत भिंतभर कपाटे आली, खुंट्या मात्र गेल्या, आणि ती खुर्ची जन्माला आली. दाराआड पाच-सहा आकडे बसवले की हा प्रश्न मिटतो. घरातल्या बहुतेक पसाऱ्याचे कारण माणसांचा आळस नसून वस्तूला जागाच नसणे हे असते: किल्ल्या, चार्जर, औषधांच्या पट्ट्या, विजेची बिले. रद्दीचेही तसेच, आणि वर्तमानपत्राने हे सांगावे यातला विनोद मान्य आहे.

पिंपरी-चिंचवड, नाशिक अशा औद्योगिक पट्ट्यांतील अनेक वाचकांना कारखान्यातील ‘फाइव्ह एस’ ही जपानी पद्धत ठाऊक असेल. नको ते वेगळे काढणे, हवे ते ठरल्या जागी ठेवणे, झाडून-पुसून ठेवणे, त्याची पद्धत बसवणे आणि ती पाळणे, अशा तिच्या पाच पायऱ्या. पाना कोठे टांगायचा याची बाह्यरेषा फळ्यावर रंगवून ठेवणारे हेच कामगार बंधू घरी येताच ओला टॉवेल पलंगावर टाकतात, हे एक कोडेच आहे.

काम कोणाचे?

हा प्रश्न टाळून घराच्या स्वच्छतेवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. यात स्वयंपाकही आला. आणि हे आकडे काम करणाऱ्यांचे आहेत. मुळीच न करणारे पुरुष यात धरलेले नाहीत.

शिळेपणाचा विचार केला तर या प्रश्नाचे उत्तर वादावादीशिवाय मिळते. दाढीनंतर बेसिनला चिकटलेला फेस ओला असताना एका हाताच्या फटकाऱ्याने जातो. त्या क्षणी तेथे जो उभा असतो तोच ते करू शकतो. कामाच्या बाई अकरा वाजता येतात, तोवर तो वाळून गेलेला असतो. चहा सांडला तर सांडणाऱ्याने, आंघोळ झाली तर करणाऱ्याने, जेवण झाले तर जेवणाऱ्याने. आपले ताट खरवडून, विसळून ठेवणे सहा वर्षांच्या मुलालाही जमते. एका माणसाच्या माथी सारे घर ठेवले की तो सर्वांच्या मागे एक-दोन तास उशिराच पोहोचणार, म्हणजे त्याच्या वाट्याला नेहमी शिळीच घाण येणार. ज्या गावी कीर्तन असेल त्या गावाचा केर आधी स्वतः काढणाऱ्या गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यांच्या हातातल्या खराट्याची छायाचित्रे आपण पाहतो. आपल्या घरातला झाडू कोणाच्या हाती असतो, तेही पाहावे.

पावसाळ्याचे थोडे

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत हवेतील ओल इतकी असते की चामडी चपला, पुस्तके, लाकडी पोळपाट यांवर बुरशी धरते. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावीत, ऊन पडेल त्या दिवशी दारे सताड उघडावीत, अर्धवट ओले कपडे घडी करून ठेवू नयेत. धुलाई यंत्राचे दार काम झाल्यावर उघडेच राहू द्यावे. डांबरगोळ्या वापरताना जपावे: तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत. रक्तातील जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि अशी कमतरता बाहेरून दिसत नाही.

एवढे वर्षभर होत राहिले तर दिवाळीला उरतो तो माळा, पितळी भांडी आणि पंखे. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून, दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर ओढावा. वर्षाची धूळ अभ्र्यात उतरते, खालच्या अंथरुणावर पडत नाही. शिडी मात्र दुसऱ्या कोणी धरलेली असावी.